घरगुती विद्युत तपासणी : पात्रता व सक्षमता (वसई-विरार)

राहत्या घरातील वा गृहसंकुलातील वीजजोडणी वापरास सुरक्षित आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून आणि उपकरणांनी मोजून ठरवण्याचे काम. महाराष्ट्रात वायरिंग करायला परवाना लागतो. झालेले वायरिंग तपासून मत देण्यासाठी वेगळा परवाना नाही. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात ‘इलेक्ट्रिकल ऑडिट’चा अहवाल अनुभवी इंजिनिअरही देतो आणि नाक्यावरचा फिटिंगवालाही देतो, त्याचे मूळ या पोकळीत आहे.

कायद्याची चौकट. विद्युत अधिनियम २००३ आणि त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेले सुरक्षाविषयक विनियम (प्रथम २०१०, नंतर २०२३) हा आजचा आधार. मूळ तत्त्व १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५व्या नियमापासून चालत आले आहे : जोडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या हातूनच व्हावे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना सूट आहे, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणार नसेल तरच. म्हणजे जळालेला स्विच घरमालकाने बदलला तर हरकत नाही. जुन्या बारीक तारेवरून दीड टनाच्या एसीसाठी नवी लाइन ओढणे त्या सवलतीत बसत नाही. व्यवहारात ही रेषा कोणी पाळत नाही.

परवान्याच्या पायऱ्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी किंवा परीक्षा, आणि मग राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना. पर्यवेक्षकासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदविका वा पदवी अनुभवासह, किंवा मंडळाची परीक्षा. आपल्याकडे पर्यवेक्षक असल्याशिवाय ठेकेदाराला परवाना मिळत नाही. जुन्या सवयीने लोक या साऱ्याला अजून ‘पीडब्ल्यूडीचे लायसन’ म्हणतात, कारभार मात्र ऊर्जा विभागाकडे आहे. हे परवाने उभारणीचे आहेत. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी केलेले, भिंतीत गाडलेले, नकाशा नसलेले काम वाचणे ही निराळी विद्या असून परवान्याच्या परीक्षेत तिला फारसा वाव नाही.

विद्युत निरीक्षक. अधिनियमाच्या कलम १६२ नुसार शासन मुख्य विद्युत निरीक्षक आणि विद्युत निरीक्षक नेमते. त्यांची पात्रता केंद्राच्या २००६च्या नियमांत ठरवून दिली आहे : विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि व्यवसायातील दीर्घ अनुभव. विजेने जीवितहानी झाली तर कलम १६१ खालील चौकशीही त्यांच्याकडे येते. पण सामान्य घरात निरीक्षक फिरकत नाही. पंधरा मीटरहून उंच इमारतीला पुरवठा सुरू करण्यापूर्वी मात्र निरीक्षकाला कळवून त्याची मान्यता घ्यावी लागते. वसई-विरारमध्ये ही पंधरा मीटरची अट फार महत्त्वाची ठरते. विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीतील टॉवर त्या अटीत येतात. नालासोपारा, वसई रोड आणि जुन्या विरारमधील तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या इमारती बहुतेक तिच्याखाली राहतात. जिथे तारा जुन्या आणि देखभाल कमी, तिथेच शासकीय नजर पोहोचत नाही.

लहान जोडण्यांची जबाबदारी विनियमांनी मालकाच्या स्व-प्रमाणनावर सोपवली असून त्याला मदत करण्यासाठी ‘चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनिअर’ अशी नवी श्रेणीही आणली आहे. नवीन मीटर घेताना महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तो देणारा सहसा काम करणाराच असतो आणि पुष्कळदा जागेवर न जाताच शिक्का मारला जातो. मीटरच्या पुढची जोडणी ग्राहकाची. महावितरणचा लाइनमन खांबावरचा बिघाड काढील, घरातील अर्थिंगची हमी देणार नाही.

स्थानिक परिस्थिती. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती. वीजपुरवठा महावितरणच्या कल्याण परिमंडलातील वसई मंडलाकडे आहे. पश्चिमेच्या वाड्यांत विहिरीवरचे पंप, पूर्वेला चाळी, गोखिवरे-सातिवली-वालीव पट्ट्यात गाळ्यांना खेटून राहती घरे. खाडीच्या खाऱ्या हवेने तांब्याचे जोड हिरवे पडतात आणि सैल होऊन तापतात. जुलै २०१८च्या पावसात इथल्या वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या आणि वीज बंद ठेवावी लागली होती. मीटरची खोली तळमजल्यावर किंवा जिन्याखाली असते, म्हणून पाणी आधी तिथेच शिरते. पाणी ओसरल्यावर बोर्ड धुऊन, सुकवून आणि मेगरने मोजूनच लाइन चालू करावी, हे ज्याला माहीत नाही त्याने इथे तपासणीचे काम घेऊ नये.

सक्षमता कशात असते. पहिली कसोटी क्रमाची. जाणकार माणूस आधी पुरवठा बंद करून मोजमापे घेतो, चालू लाइनवरच्या चाचण्या नंतर. लाइन बंद आहे हे तो खिशातल्या टेस्टरच्या भरवशावर मानत नाही. मीटर आधी चालू लाइनवर पडताळतो, मग बंद लाइनवर लावतो, पुन्हा चालू लाइनवर तपासतो. इन्सुलेशनसाठी ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावून तार आणि अर्थ यांमध्ये किमान १ मेगओहम रोध मिळायला हवा. त्याआधी एलईडी दिवे, राउटर, इन्व्हर्टर सोडवून ठेवायचे असतात, नाहीतर तपासणीतच उपकरणे जळतात. फेज स्विचमधूनच तुटते का, न्यूट्रल घट्ट आहे का, एमसीबी तारेच्या जाडीला साजेशी आहे का, हे पुढचे प्रश्न. मीटरच्या खोलीत न्यूट्रल सुटला की एखाद्या फ्लॅटला २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब जाऊन टीव्ही-फ्रिज जळतात. ‘लाइट जास्त आली’ असे म्हणून रहिवासी महावितरणला दोष देतात आणि कारण इमारतीतच असते.

खरी परीक्षा अर्थिंग आणि गळतीसंरक्षक यांच्यापाशी होते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अपेक्षित आहे. पावसाळ्यात ओल शिरली की तो वारंवार पडतो. मग कोणीतरी तो ‘डायरेक्ट’ करून देतो. तपासणाऱ्याने हा बायपास शोधायचा असतो. टेस्टचे बटण दाबून आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग चांगले, असे सांगणारा माणूस अपात्र समजावा. ते बटण अर्थिंगशिवायही चालते. फेज आणि अर्थ यांत बल्ब लावून ‘झकास पेटला’ म्हणणे तितकेच फोल, कारण बल्बला लागणारा करंट अर्ध्या अँपिअरहून कमी असतो आणि बिघाडाच्या वेळी एमसीबी पाडायला कैकपट करंट लागतो. त्यासाठी अर्थ टेस्टर आणि लूप मोजणारे यंत्र हवे. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून ठेवण्याची युक्ती चाळींत आढळते. न्यूट्रल तुटला की तिथे गिझरचा किंवा वॉशिंग मशीनचा पत्राच जिवंत होतो.

मोजमापाच्या मागे मानकांचे वाचन लागते : वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. अहवालात प्रत्येक सर्किटचे आकडे हवेत. ‘सर्व ठीक आहे’ एवढ्या एका ओळीचा अहवाल रद्दीत टाकावा.

गल्लत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा प्रमाणित एनर्जी ऑडिटर विजेचा अपव्यय शोधतो. अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र देणारी परवानाधारक संस्था पंप, होज आणि अलार्म पाहते. विरारमध्ये २३ एप्रिल २०२१च्या पहाटे रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे किमान १३ रुग्ण दगावले, तेव्हा फायर ऑडिट आणि इलेक्ट्रिकल ऑडिट हे शब्द एका श्वासात उच्चारले गेले. कामे दोन, माणसेही दोन लागतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी सांगितले आहे. तारांसाठी असे वेळापत्रक नाही, ही उणीवच म्हटली पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२० पासून भाड्याच्या घरांची वीजतपासणी किमान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे आणि तपासणीचे शिक्षण तिथे उभारणीच्या शिक्षणाहून वेगळे दिले जाते.

असे बंधन येईपर्यंत निवड सोसायटीच्या समितीलाच करावी लागणार. तपासणाऱ्याकडे पर्यवेक्षकाचे चालू मुदतीचे प्रमाणपत्र किंवा विद्युत अभियांत्रिकीची पदवी मागावी, उपकरणांचे कॅलिब्रेशनचे दाखले पाहावेत, आणि दुरुस्तीचे काम ज्याला द्यायचे त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नये.