टोपलीतली पाककृती

मराठी स्वयंपाकाचा इतिहास सांगताना काही ठरलेले टप्पे सांगण्याचा प्रघात आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’, सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांचे ‘भोजनकुतूहल’, मुद्रणयुगात १८७५ चे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’, १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आणि १९७० ची कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. या साऱ्या ग्रंथांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु हा इतिहास मूलतः ग्रंथांचा आहे. घरातल्या चुलीपुढे, बाजारातून आलेल्या अनोळखी जिनसाला प्रथम हात घालणाऱ्या बाईचे धाडस त्यातून दिसत नाही. ते पाहायचे तर बाजाराकडे, आणि बाजारातल्या बोलीकडे वळावे लागेल, असे आम्हांस वाटते.

प्रथम भाषेचाच पुरावा घेऊ. ‘मानसोल्लासा’च्या अन्नभोगात मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत, शेतातल्या भाजलेल्या उंदरांचाही समावेश आहे. नाही ती मिरची. तिखटपणाचा भार मिऱ्यावर आहे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यानंतरच्या काळात अमेरिका खंडातली पिके पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली आणि मराठी भाषेला त्यांचे बारसे करावे लागले. हे बारसे तीन रीतींनी झालेले दिसते. काही ठिकाणी परका उच्चारच घरात घेतला गेला: बटाटा, काजू, पपई, अननस ही पोर्तुगिजांच्या तोंडून आलेली नावे आहेत. काही ठिकाणी नव्या पाहुण्याला जुन्या नातलगाचे नाव मिळाले: मिऱ्यासारखी तिखट म्हणून मिरची. काही ठिकाणी ओळखीच्या शब्दाला विशेषण जोडून काम भागले: जमिनीखाली येणारा मूग तो भुईमूग आणि दुधीहून वेगळा तो लाल भोपळा. टोमॅटोला ग्रामीण बोलींत भेदरे म्हणत, हे पुष्कळांना आज आठवणारही नाही.

ही नावे कोणा कोशकाराने ठरवून दिलेली नाहीत. ती शेतात, बाजारात आणि चुलीपाशी पडली. पदार्थाला घरचे नाव मिळणे म्हणजे त्याला घरात जागा मिळणे, आणि ही जागा कोणीतरी शिजवून, चाखून, प्रसंगी बिघडवून दिलेली असते. त्या ‘कोणीतरी’चे नाव इतिहासाजवळ नाही.

या प्रक्रियेचा सर्वांत मोठा दाखला आपल्या उपवासाच्या ताटात आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, लाल भोपळा, राजगिरा आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा तयार होतो तो टॅपिओका, या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. ज्या समाजात एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्याच समाजाने समुद्र ओलांडून आलेल्या कंदमुळांना आपल्या सोवळ्यातल्या ताटात बसवले. जुन्या निषेधांत या नवागतांची नावेच नसल्यामुळे त्यांना वाट मोकळी मिळाली असावी, असे अनुमान करता येते. परंतु मोकळी वाट दिसणे निराळे आणि त्या वाटेने जाण्याचे धैर्य निराळे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी प्रथम ज्या घरात झाली, त्या घरात काही प्रश्न निश्चितच उपस्थित झाले असतील. आज त्या प्रश्नांचा मागमूस नाही. परंपरा म्हणून आपण जे जपतो, ते एकेकाळचे धाडस असते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ओवी आणि अभंग यांच्या बाबतीत आपण ती वर्गात नेहमीच सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देवघेवीला इमारती मिळाल्या. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पूर्ण झाले. पुण्याची दगडी मंडई १८८६ च्या सुमारास उभी राहिली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. तिच्या खर्चास जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. या प्रसंगातील विरोधाभास सर्वपरिचित आहे. आम्हांस त्यात आणखी एक अर्थ दिसतो. भाजी पिकवणारा माळी-कुणबी आणि ती टोपलीतून आणणारी त्याची बायको यांचे ज्ञान ओट्यापर्यंत पोहोचले. पाटीपर्यंत, म्हणजे अक्षरापर्यंत, ते पोहोचले नाही. फुल्यांच्या विरोधातला मुद्दा शेवटी तोच होता.

त्या काळी पांढरपेशा घरांतील स्त्रिया मंडईत क्वचितच जात. भाजी घरातले पुरुष आणीत किंवा दारावर येणारी भाजीवाली देई. म्हणजे रांधणारीच्या हाती निवड फारशी नव्हती. समोर येईल त्याचे काय करायचे, एवढाच प्रश्न तिच्यापुढे असे. दारावरची भाजीवाली त्यामुळे केवळ विक्रेती राहत नसे. भाजी कशी निवडायची, कशाबरोबर शिजवायची, कोणाला सोसणार नाही, हे ती सांगे.

या मौखिक विद्येचे उत्तम उदाहरण म्हणजे शेवळे. सुरणाच्या कुळातल्या एका रानटी वनस्पतीचा हा फुलोरा उत्तर कोकणात पावसाच्या तोंडाशी जमिनीतून वर येतो. ठाणे, पालघर, रायगड भागांतल्या आदिवासी स्त्रिया तो जुड्या बांधून बाजारात आणतात. शेवळे नीट साफ न करता शिजवले तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव घेऊ नये. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा तो परिणाम. यावर उतारा आंबटाचा. म्हणून शेवळांच्या जुडीशेजारीच त्या बायका काकडे नावाची लहान, आंबट रानफळे विकतात. विष आणि उतारा एकाच टोपलीत! सोबत तोंडी सूचना: बाहेरचे आवरण काढा, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून द्या, काकडांचा रस घाला, ती नसतील तर चिंच किंवा कोकम वापरा. पुढे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी त्यात खिमा किंवा सोडे पडतात आणि शेवळे त्या ज्ञातीचे वैशिष्ट्य म्हणून मिरवते. वैशिष्ट्य त्यांचे, यात शंका नाही. परंतु त्या पदार्थाचे पहिले आणि सर्वांत जोखमीचे वाक्य रानात उच्चारले गेले होते.

पाकपुस्तकाने या संवादाचे काय केले? एका अर्थी त्याने तो पुढे नेला. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे रुळवली आणि सासर-माहेरापासून दूर, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला आत्मविश्वास दिला. हे काम थोडे नव्हे. मात्र मापात बसवताना काही गोष्टी मापाबाहेर राहतात. लिखित पाककृती जिन्नस ठाऊक आहे असे गृहीत धरते. टोपलीतली पाककृती जिनसापासूनच सुरू होते. पहिली संहिता स्थिर आहे. दुसरी, लोकगीतासारखी, प्रत्येक वेळी ऐकणारीला पाहून बदलते. फक्त पहिलीला लेखक असतो.

शिवाय लिहिणाऱ्यांच्या ज्ञाती पाहिल्या म्हणजे न लिहिल्या गेलेल्या चुलींचा अंदाज येतो. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आले आणि मराठवाड्यातील महार-मांग समाजाची खाद्यसंस्कृती मराठी ग्रंथरूपात सविस्तर मांडली गेली. ‘सूपशास्त्रा’नंतर तब्बल १४० वर्षांनी! शीर्षकातला ‘अ’ किती विचारपूर्वक ठेवला आहे, हे निराळे सांगायला नको. टंचाईत, रानातल्या पाल्यावर आणि वाट्याला आलेल्या मांसावर चव उभी करणे हेही स्वयंपाकातले धाडसच होते. त्यामागे हौस नव्हती, भूक होती. हौशीचे धाडस तेवढे कौतुकाला पात्र आणि भुकेचे धाडस मात्र लपवण्यासारखे, ही विभागणी पाकशास्त्राची नाही, समाजाची आहे.

अलीकडच्या वर्षांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात, टाकळा, भारंगी, कर्टोली यांची छायाचित्रे घरोघर पोहोचतात. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ही अत्यंत आनंदाची गोष्ट. तरीही महोत्सवाच्या तक्त्यांवर भाजीचे शास्त्रीय नाव असते, गुणधर्म असतात, कृती असते. ती कृती कोणी सांगितली, हे सहसा नसते.

मराठी विभागांतून ओव्या, उखाणे, म्हणी यांची संकलने आजवर पुष्कळ झाली. सांगणारीचे नाव, गाव आणि तिचे शब्द जसेच्या तसे नोंदवण्याची शिस्तही आपण त्यातूनच शिकलो. तीच शिस्त घेऊन आपले विद्यार्थी आठवडी बाजारात का जाऊ नयेत? भाजीवालीने जुडी हातात देताना सांगितलेली चार वाक्ये तिच्या बोलीत, तिच्या नावासह उतरवून घेतली, तर कोशाला शब्द मिळतील आणि इतिहासाला लेखिका मिळतील. पावसाळा दर वर्षी येतो. सांगणाऱ्या बायका मात्र कमी होत चालल्या आहेत.