सेन नदीवरील प्रभात : मोनेची चित्रमालिका

फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याने १८९६ व १८९७ या दोन वर्षांत जिव्हेर्नी गावाजवळ सेन नदीचे एकच दृश्य सुमारे वीस तैलचित्रांत रंगविले. एप्त ही लहान नदी जेथे सेनला मिळते, त्या परिसरातील हे दृश्य आहे.

या चित्रांत काहीच घडत नाही. १८७०च्या दशकात आर्जांतय येथे मोनेने हीच नदी रंगविली, तेव्हा तीत शिडाच्या होड्या होत्या, रेल्वेचा पूल होता. येथे माणूसही नाही. पाण्यावर झुकलेली झाडे, धुके आणि निळ्या, जांभळट, फिकट हिरव्या छटा, एवढाच ऐवज. कॅनव्हास जवळजवळ चौरस असून क्षितिज मध्याच्या आसपास येते. त्यामुळे वरची झाडी आणि खालचे प्रतिबिंब समतोल राहतात, आणि काठ कोठे संपून पाणी सुरू होते हे काही चित्रांत चटकन कळतही नाही.

ही शांतता मात्र अतिशय घाईत टिपलेली आहे. मोने पहाटे साडेतीनला उठे आणि उजाडण्यापूर्वी नदीत नांगरलेल्या होडीत कामाला बसे. सूर्य वर आला, धुके विरले, की दृश्य पालटलेच. ऑगस्ट १८९७मध्ये मोरीस गियमो हा पत्रकार त्याच्यासोबत गेला, तेव्हा चौदा चित्रे एकाच वेळी चालू होती. प्रकाश बदलला की सहायक पुढचा कॅनव्हास हाती देई. गवताच्या गंजी व रूआं येथील कॅथीड्रल या आधीच्या मालिकांचीच ही पद्धत. पण तेथे विषय निदान जागचा हलत नव्हता. १८९६च्या पावसाळी हवेने काम अडविले, म्हणून त्याला पुढच्या वर्षी त्याच जागी परतावे लागले. बहुतेक चित्रांवर १८९७ हेच साल आहे.

पॅरिसमधील जॉर्ज पती यांच्या कलादालनात १८९८मध्ये ही मालिका प्रदर्शित झाली. आज ती विखुरलेली असून न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आणि बॉस्टनचे ललितकला संग्रहालय येथे तिच्यातील चित्रे पाहावयास मिळतात. तिच्यानंतर मोने घरच्या कमळतळ्याकडे वळला. त्या तळ्यातले पाणीही एप्तच्याच एका फाट्याचे होते. तेथील उत्तरकालीन चित्रांत काठ आणि क्षितिज दोन्ही नाहीसे झाले. आकाश उरले ते केवळ पाण्यातले.