सदतीस दिवस कमी

क्रिकेटवर वाढलेल्या मला बेसबॉल उशिरा कळला, पण डेव्हिड क्लाइड डोक्यातून जात नाही. ह्यूस्टनचा डावखुरा पिचर. शाळेच्या शेवटच्या मोसमात १८ सामने जिंकला, एकही हरला नाही! जून १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्सनी त्याला देशभरातल्या पोरांतून सर्वांत पहिला निवडला.

रीत अशी, की अशा पोराला आधी धाकट्या लीगमध्ये मुरू द्यायचं. पण संघाचे मालक बॉब शॉर्ट पैशांच्या अडचणीत, आणि स्टेडियम ओस. शाळेचा शेवटचा सामना खेळून जेमतेम तीन आठवडे झाले असतील. २७ जूनला त्याला थेट मोठ्या लीगमध्ये उतरवलं. वय वर्षं अठरा. ३५,६९८ माणसं आली, बाहेर गाड्यांची इतकी गर्दी की खेळ उशिरा सुरू करावा लागला. पहिले दोन बॅटर त्याच्या स्वैर चेंडूंवर फुकटात बेसवर गेले. पुढचे तिघे त्याने ओळीने स्ट्राइकआउट केले. सामनाही जिंकला.

ठरलं होतं, दोन सामने झाले की धाकट्या लीगमध्ये पाठवायचं. पण गल्ला भरायला लागल्यावर कोण पाठवतो? प्रशिक्षक व्हाइटी हर्झॉग यांना हे मुळीच पटत नव्हतं. त्यांचं ऐकणार कोण!

मग खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली. १९७९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, मोठ्या लीगमधला शेवटचा सामना. एकूण १८ जिंकले, ३३ हरले. पेन्शनसाठी तेव्हा चार वर्षांची सेवा लागायची. क्लाइडची ३७ दिवसांनी कमी भरली. पुढे बरीच वर्षं तो सासऱ्यांच्या लाकडाच्या धंद्यात होता.