मुतखडा : सुरीपासून किरणापर्यंत

मुतखड्याच्या वेदना ज्यानें भोगल्या त्याला त्यांचें वर्णन सांगावयास नको, आणि ज्यानें भोगल्या नाहींत त्याला तें सांगून उपयोग नाहीं. असें असूनही प्राचीन वैद्यांनीं या व्याधीवर सहजासहजीं शस्त्र उचललें नाहीं. सुश्रुतसंहितेंत अश्मरी काढण्याची क्रिया सविस्तर दिलेली आहे. पण शस्त्र न चालविल्यास मरण निश्चित आणि चालविल्यास जगण्याचा संशय, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्यानें हात घालावा, असें तेथें बजावलें आहे. हिपोक्रॅटिसच्या नांवानें चालणाऱ्या शपथेंत तर हें काम त्यांतील जाणत्यांवर सोडावें असा दंडक आहे.

हें सारें मूत्राशयांतील खड्याविषयीं होय. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपीस यानें १६५८ सालीं, भुलीचें औषध ठाऊक नसतांना, असा खडा कापून काढविला. तो जगला, त्यानें खडा जपून ठेवला आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ मेजवानी देण्याचा बेत केला.

खरें वळण पॅरिसमध्यें लागलें. १८२४ सालीं झां सिव्हिआल या वैद्यानें मूत्रमार्गांतून सरळ नळी आंत घातली, तिच्यांतील चिमट्यानें खडा पकडला आणि मधल्या गिरमिटानें तो आंतल्याआंत पोखरून फोडला. माणूस न कापतां खडा फोडावयाचा, ही कल्पना येथें सिद्धीस गेली. सुरी चालविणारे प्रतिष्ठित शस्त्रवैद्य अर्थातच साशंक होते. तेव्हां सिव्हिआलनें ठिकठिकाणचे आंकडे जमविले : कापलेल्यांपैकीं सुमारें पांचांत एक दगावे, नव्या रीतीनें शंभरांत दोन-तीन. १८३५ सालीं विज्ञान-अकादमीच्या समितीनें, जींत गणिती प्वासाँ होता, या आंकड्यांचा विचार केला आणि हरकत काढली कीं, गणना माणसांस समूहानें पाहते, वैद्यापुढें मात्र एकच रोगी असतो. हरकत पोकळ नव्हती. शिवाय नव्या रीतीसाठीं निवडलेले रोगी बहुधा सोपेच असत. पण मेजावर आडवें व्हावयाचें असलेल्या त्या एका रोग्याला पांचांत एक हा आंकडा कांहीं क्षुल्लक वाटला नसेल!

मूत्रपिंड मात्र दूर राहिलें. तेथवर जाणारी मूत्रवाहिनी अवघी कांहीं मिलिमीटर रुंद, आणि सिव्हिआलचें काम हाताच्या अंदाजानें चाले. १८७९ सालीं मॅक्स निट्झेनें मूत्राशयाच्या आंत पाहण्याची प्रकाशयुक्त नळी व्हिएन्नांत दाखविली, तेव्हां अंधार थोडा हटला. १९८० सालीं म्यूनिकमध्यें शरीराबाहेरून आघातलहरींनीं खडे फोडले गेले. तत्पूर्वी, १९६० सालीं, थिओडोर मेमननें कॅलिफोर्नियांत माणकाच्या कांडीपासून पहिला लेझर-किरण काढला होता. माणकाच्या किरणानें खडा फोडण्याचे प्रयोगही झाले, पण खड्याबरोबर भोंवतालचा भागही फार तापे. १९९० नंतरच्या दशकांत होल्मियम धातूचा किरण आला. डोळ्यांना तो दिसत नाहीं. पाणी त्यास मिलिमीटरच्या अंशांतच शोषून घेतें, त्यामुळें तंतूच्या टोकाशीं असलेला खडा फुटतो आणि थोड्या अंतरावरील त्वचा वांचते. केंसासारखा बारीक काचतंतु वांकणाऱ्या दुर्बिणींतून थेट मूत्रपिंडांत जातो; कोठेंही छेद नाहीं.

तरी फार मोठ्या खड्यास आजही पाठींतून भोंक पाडावें लागतें, जंतुदोषाची भीति असते, आणि खडे पुन्हा होतात ते होतातच. किरणोपचारानंतर मूत्रवाहिनींत कांहीं दिवस एक बारीक नळी बहुधा ठेवितात. तिचा जाच खड्याहून अधिक झाला, असें सांगणारे रोगीही भेटतात.