बाकूचा कुमारी बुरूज

अझरबैजानची राजधानी बाकू येथे, कॅस्पियन समुद्रालगतच्या जुन्या तटबंदीच्या शहरात एक भव्य दंडगोलाकार बुरूज उभा आहे. त्याचे स्थानिक नाव 'गिझ गालासी', म्हणजेच कुमारिकेचा बुरूज. सुमारे २९ मीटर उंची, साडेसोळा मीटर व्यास, आठ मजले आणि पायथ्याशी तब्बल ५ मीटर जाडीच्या भिंती असे त्याचे स्वरूप आहे. आत गोड्या पाण्याची खोल विहीरही आहे.

सध्याची वास्तू १२व्या शतकातील मानली जाते. मात्र तिच्याखालील अवशेष इसवी सनपूर्व ७व्या-६व्या शतकांपर्यंत मागे जातात. भिंतीवरील कुफी लिपीतील शिलालेखात 'दाऊदचा पुत्र मसूद' याचे नाव कोरलेले आहे. बुरुजाच्या मूळ प्रयोजनाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी त्याला संरक्षक किल्ला म्हणतात, कोणी अग्निपूजकांचे मंदिर, तर कोणी वेधशाळा.

लोकमानसाने मात्र त्याचा उलगडा आपल्या परीने केला. आख्यायिका अशी, की एका राजाला स्वतःच्याच मुलीशी विवाह करण्याची दुर्बुद्धी झाली. काळ लोटावा म्हणून तिने आधी एक उंच बुरूज बांधण्याची अट घातली. काम पुरे होत आले, की ती तो आणखी उंच करायला सांगे. अखेर सबबी संपल्या, तेव्हा तिने माथ्यावरून समुद्रात उडी घेतली. त्या काळी लाटा बुरुजाच्या पायथ्याशी येत असत, असे सांगतात. आज मधे रस्ता आणि उद्यान आहे. नावाचा दुसरा अर्थही लावला जातो : शत्रूला कधीच जिंकता न आलेला, म्हणून 'कुमारी'.

शिलालेखातील मसूद विस्मृतीत गेला, निनावी राजकन्या मात्र अजरामर झाली. संगीतकार अफ्रासियाब बदलबेयली यांनी याच कथेवर रचलेले 'कुमारी बुरूज' हे अझरबैजानचे पहिले बॅले १९४०मध्ये रंगभूमीवर आले.

१८५८पासून १९०७पर्यंत हा बुरूज दीपगृह होता. शहराच्या वाढत्या झगमगाटात त्याचा प्रकाश खलाशांना वेगळा ओळखू येईना, तेव्हा दीपगृह हलवण्यात आले. २०००मध्ये जुन्या शहरासह त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच वर्षीच्या भूकंपाने झालेली हानी आणि बेसुमार बांधकामे यांमुळे २००३मध्ये हे स्थळ 'धोक्यातील वारसा' ठरले. संवर्धनाच्या उपायांनंतर २००९मध्ये ते या यादीतून वगळण्यात आले. शत्रूला दाद न देणाऱ्या या वास्तूला खरा धोका तिच्याच शहराच्या विस्ताराचा होता, हेच या प्रसंगाने दाखवून दिले.