गँगमनच्या पिशवीतला फटाका

पावसाळ्यात रात्री रुळावर गस्तीला निघालेल्या गँगमनच्या पिशवीत बत्ती, शिट्टी आणि झेंड्यांसोबत पत्र्याच्या काही चपट्या डब्या असतात. कागदोपत्री त्यांचं नाव डिटोनेटर, पण गँगमध्ये सगळे फटाकाच म्हणतात. रूळ तुटलेला दिसला की आधी तिथे धोक्याची खूण करायची आणि मग गाडी येणार त्या दिशेने धावायचं. ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक फटाका, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. डबीच्या मऊ पट्ट्या रुळाच्या माथ्याखाली दाबून वाकवल्या की ती हलत नाही. चाक वर चढलं की स्फोट होतो आणि लोको पायलट ब्रेक लावतो.

ही डबी एडवर्ड आल्फ्रेड कूपर या इंग्रज इंजिनिअरची. जन्म 1819चा. शोधाचं साल कुठे 1837 छापलेलं सापडतं, कुठे 1841. माझा कौल 1837ला. तेव्हा तो जॉन ब्रेथवेटच्या हाताखाली उमेदवारी करत होता. हा ब्रेथवेट म्हणजे 1829च्या रेनहिलच्या शर्यतीत 'नॉव्हेल्टी' इंजिन उतरवणाऱ्या जोडीतला एक. धुक्यात सिग्नल दिसत नाही, तर तो ऐकू यावा, ही युक्ती टेबलाशी बसून नव्हे, रुळाशी वावरूनच सुचली असणार. आता कोणी म्हणेल, आघाताने पेटणारी टोपी बंदुकीत आधीपासून होतीच. होती, मान्य. पण तिला घोडा लागतो. इथे गाडीच्या चाकालाच घोडा केलं, आणि श्रेय त्याचंच आहे.

खरी गंमत पुढे आहे. 1857 साली याच कूपरने लोखंडाच्या झोतभट्टीसाठी हवा तापवणाऱ्या स्टोव्हचं पेटंट घेतलं. भट्टीतून वाया जाणाऱ्या वायूने विटा तापवायच्या, मग त्याच विटांमधून हवा सोडायची. इंधन वाचलं, लोखंड स्वस्त झालं. साठवलेल्या उष्णतेची मूळ कल्पना सीमेन्स बंधूंची, म्हणून काही जण कूपरला उसनवार ठरवतात. मला ते पटत नाही. झोतभट्टीला पेलेल असा स्टोव्ह त्याने उभा केला, आणि जगभर तो कूपर स्टोव्ह म्हणूनच ओळखला जातो.

आपल्या रेल्वेचे रूळ मुख्यतः भिलाईचे. तिथल्या झोतभट्ट्यांना गरम हवा पुरवणारे उंच स्टोव्ह याच तत्त्वावर चालतात. म्हणजे गँगमन ज्या रुळावर फटाका बसवतो, त्या रुळाच्या लोखंडामागेही कूपरच आहे.