दुसरबीडच्या काळ्या दगडात सोनं सापडेल का? इन्फ्रारेड तपासणी काय सांगते
दुसरबीड (ता. सिंदखेडराजा) : विहीर खोदताना चमकणारा खडा निघाला की सोन्याची चर्चा सुरू होते. पण इथला खडक दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात चमकतात ते बहुधा झिओलाइट, कॅल्साइट नाहीतर गारगोटीचे स्फटिक.

राज्यात सोन्याचे अंश आढळले ते नागपूर-भंडाऱ्याकडच्या कितीतरी जुन्या साकोली पट्ट्यात. अशा ठिकाणी इन्फ्रारेड तपासणी कामी येते. गंमत म्हणजे तिला सोनं दिसतच नाही! जमिनीखालचं गरम पाणी भेगांतून सोनं घेऊन वर आलं, तेव्हा आजूबाजूचा खडकही बदलला. सेरिसाइट, क्लोराइटसारखी खनिजं तयार झाली. ही खनिजं इन्फ्रारेड प्रकाशातली ठरावीक तरंगलांबी शोषून घेतात. सेरिसाइटची खूण २२०० नॅनोमीटरच्या आसपास मिळते. हातातल्या यंत्रावर, उपग्रहावरूनही ती वाचता येते. मात्र वर झाडी किंवा जाड माती असली की उपग्रहाचं काही चालत नाही.

खूण मिळाली म्हणजे सोनं मिळालं, असंही नाही. पुढे ड्रिलिंग करून, नमुने प्रयोगशाळेत तपासून टनामागे किती ग्रॅम ते ठरतं. त्यामुळे ‘सोनं दाखवणारं यंत्र’ घेऊन कोणी शेतात आलं तर आधी पैसे काढू नयेत. घरचा खडा हातोडीने ठोकून पाहावा : सोनं चपटं होतं, स्फटिकाचा चुरा होतो.